हात वर असेपर्यंत

सॅक्सोफोन हे वाद्य आपल्याकडे फारसं कुणाला कळत नाही आणि कळत नाही याची कुणाला खंतही नाही. मी आयुष्यभर ते वाजवलं, त्याच्यासाठी रचना केल्या, आणि शेवटची काही वर्षं आंबीजवळच्या एका खासगी विद्यापीठात ते शिकवलं. या तिन्ही उद्योगांत भेटलेल्या माणसांबद्दल दोन गोड शब्द लिहावेत, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. निवृत्त माणसानं गोडच बोलायचं असतं म्हणे. मला मधुमेह आहे, गोड चालत नाही.

मी शिकलो लोणावळ्यात. रेल्वेच्या क्लबात नाताळच्या नाचाला वाजवणारे एक निवृत्त गार्डसाहेब होते, त्यांनी मला आधी क्लॅरिनेट आणि मग सॅक्सोफोन हातात दिला. ते स्वतः बेताचंच वाजवायचे. पण माझं काय वाईट आहे ते त्यांना ऐकताक्षणी कळायचं आणि ते तोंडावर सांगायचे. पुढे मला मोठमोठे गुरू भेटले, पण इतकं कामाचं कुणी बोललं नाही.

मग मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेलो. तिथे सॅक्सोफोनला काम एकच. पडद्यावर खलनायकानं ग्लासात बर्फ टाकला की आम्ही वाजवायचं, आणि त्याच्या मांडीवरची बाई उठली की थांबायचं. नायकाला कधी सॅक्सोफोन मिळाला नाही. त्याला बासरी. अशा पापी माणसांच्या दारूमागे मी ऐन उमेदीची वर्षं घालवली, आणि पुढे एका यंत्रातून आमचा सगळ्यांचा आवाज निघायला लागला तेव्हा आम्हाला चहा पाजून घरी पाठवलं.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणून अमेरिकेला गेलो. मला वाटलं, आता खरं जॅझ. तिथल्या प्राध्यापकांना माझ्याकडून राग हवा होता. मी म्हणालो, मला राग येत नाहीत, आमच्या घरी कुणी गायलेलं नाही. ते समजूतदारपणे हसले आणि पुन्हा राग मागितला. पदवी घेऊन परत आलो, तर इथल्या लोकांना माझ्याकडून अमेरिका हवी. तिकडे मी पुरेसा भारतीय नव्हतो आणि इकडे पुरेसा गोरा नव्हतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी ती गत.

पोटासाठी लोणावळ्याच्या रिसॉर्टांत शनिवारी वाजवायला लागलो. तिथल्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी मला काळा चष्मा दिला. संध्याकाळची वेळ, त्यात धुकं, मला समोरचं टेबल दिसेना. तो म्हणाला, लोकांना तसंच आवडतं. पोहण्याच्या तलावाभोवती फिरत फिरत वाजवायचं, जिथे पनीर टिक्का खाणं चालू असेल तिथे जरा रेंगाळायचं. मुंबईहून आलेली पोरं वाद्याच्या तोंडात शेंगदाणे टाकायची आणि त्यांच्या आया ते मोबाइलवर टिपायच्या. सगळ्यांना तीच तीन गाणी हवी असायची. एकानं मला विचारलं होतं की तुम्ही खरंच फुंकता, की आत काही बसवलेलं असतं. मी म्हणालो, बसवलेलं असतं. त्याचं समाधान झालं.

वर्तमानपत्रवाले त्याहून कठीण. दर पावसाळ्यात एक जण तरी मुलाखतीला येई आणि तुमच्या संगीतात घाटातला पाऊस ऐकू येतो का, असं विचारी. मी नाही म्हणायचो. छापून यायचं, येतो. दुसरा प्रश्न ठरलेला: तुम्ही इतकं शुद्ध मराठी कसं बोलता. माझे पणजोबा टाकवे बुद्रुकला गाडलेत, आजोबा तिथेच, मग मी काय फारसीत बोलू? पण हे वाक्य कधी छापून आलं नाही.

विद्यापीठात मात्र मला वाटलं होतं की बरी माणसं असतील. भाताची खाचरं बुजवून त्यांनी ग्रीक खांबांची इमारत उभारली होती आणि खांबांच्या मधोमध संस्थापक अध्यक्षांचा पुतळा बसवला होता. अध्यक्ष हयात होते. रोज सकाळी स्वतःच्याच पुतळ्यापुढून गाडीतून जायचे आणि शिपाई दोघांनाही सलाम करायचा. कुलगुरूंनी माझं स्वागत केलं आणि अभ्यासक्रम मागितला. मी दिला. मग त्यांनी परीक्षेचा पेपर मागितला. तोही दिला. मग परीक्षा विभागाकडून निरोप आला की ऐन वेळी सुचेल ते वाजवण्याच्या प्रश्नाला आदर्श उत्तर जोडलेलं नाही.

मी स्वतः जाऊन सांगितलं की बाबांनो, जे त्या क्षणी सुचणार आहे त्याचं उत्तर आधी कसं लिहून देऊ. परीक्षा विभागातले गृहस्थ अतिशय सौम्य होते. ते म्हणाले, सर, सगळेच विभाग देतात. शेवटी वैतागून मी एक तान स्वरलिपीत लिहून दिली आणि विषय संपवला. विषय संपला नव्हता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती तान समोर ठेवली आणि पोरांचं वाजवणं तिच्याशी ताडून पाहिलं. जिनं सगळ्यांत सुंदर वाजवलं ती डबलबासवाली मुलगी नापास झाली. ज्या पठ्ठ्यानं कुठून तरी माझी तान मिळवून पाठ केली होती तो पहिला आला. आता तो दुसऱ्या एका विद्यापीठात हाच विषय शिकवतो.

हे सगळं मी हसण्यावारी नेत आलो. या लोकांनी मला नावाजावं असं मला कधी वाटलं नाही, कारण गाढवाला गुळाची चव काय. पण एका माणसानं माझं ऐकावं असं मला फार वाटायचं. तो माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला भाई म्हणतो.

भाईचं कामशेतच्या बाजारपेठेत दुकान आहे. छत्र्या, गमबूट, प्लॅस्टिकचे कागद, दोर, ताडपत्री. अब्बांच्या मागे त्यानंच घर चालवलं. मी जगभर वाजवलं, पण त्याच्यापासून तासाभराच्या अंतरावर वाजवलं तरी तो कधी आला नाही. दुकान कोण बघणार, एवढंच म्हणायचा. लोक लगेच धर्माचं कारण काढतात, तसं काही नव्हतं. उरुसातली कव्वाली तो मांडी घालून ऐकतो आणि शेजारच्या गावात सप्ताह बसला की कीर्तनालाही जाऊन बसतो. त्याचं म्हणणं साधं होतं. पिपाणी फुंकायला बँडवाले आहेत. एवढं शिकून, विमानात बसून, तीच फुंकायची तर शिकलास कशाला? कुणी विचारलं की तो सांगायचा, धाकटा कालेजात मास्तर हाय. काय शिकवतो ते सांगायचा नाही. मला त्याचा राग यायचा, आणि राग येतो याचा आणखी राग यायचा. जगाला मी चुलीत घातलं होतं, या एका दुकानदाराला घालता येत नव्हतं.

मी निवृत्त होणार म्हटल्यावर विद्यापीठानं सत्कार ठरवला. मी सरळ नाही म्हणणार होतो. शाल, श्रीफळ, फेटा आणि भाषणं यांच्याविषयीचं माझं मत सगळ्यांना माहीत होतं. पण भाईला हे कुठून तरी कळलं आणि त्याचा फोन आला. सत्काराला येणार म्हणाला. सत्कार ही गोष्ट त्याला कळत होती. सोसायटीच्या चेअरमनचा होतो, हेडमास्तरचा होतो, तसाच त्याच्या भावाचा होणार होता. मी तत्काळ सत्काराला होकार दिला आणि कुलगुरूंना एकच अट घातली, माझी नवी रचना माझे विद्यार्थी आणि मी मिळून तिथे वाजवणार, आणि ती सबंध वाजवणार.

ती रचना मी निवृत्तीच्या आधीची सगळी वर्षं लिहीत होतो. पुन्हा लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. तिच्या मध्यावर एक मोठी शांतता आहे. सगळी वाद्यं एकदम चढत जातात आणि कडेलोटाच्या जागी थांबतात. मग काहीच नाही. मी उजवा हात वर धरून उभा राहतो. हात वर असेपर्यंत कुणी वाजवायचं नाही, हलायचंही नाही, आणि ऐकणाऱ्याला आता काय होणार असं वाटायला लागलं की मी हात खाली घेऊन अगदी खालच्या सुरात पुढचा भाग सुरू करतो. रचनेचा सगळा जीव त्या पुढच्या भागात आहे. आधीचा गोंगाट मी नुसता वाट करून द्यायला लिहिला होता. मुलांकडून मी ती शांतता इतक्या वेळा करून घेतली की ती वैतागली. वाजवणं सोपं आहे, न वाजवता उभं राहणं त्यांना जमत नव्हतं.

सत्काराच्या दिवशी भाई आला तो ईदेचा पांढरा झब्बा घालून. दुकान बंद ठेवून आला होता. त्याला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. तो सोफ्याच्या कडेवर बसला, पाठ न टेकता.

मग सुरू झालं. दीपप्रज्वलनाच्या वाती वातानुकूलनाच्या झोतानं विझत होत्या. पाच मान्यवर एका मेणबत्तीभोवती वाकून उभे होते आणि फोटोग्राफर त्यांना वर बघा म्हणत होता. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा परिचय झाला. परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला. प्रत्येकाला शाल. सूत्रसंचालनाला विद्यापीठातलेच एक प्राध्यापक होते, ज्यांना दोन वाक्यांच्या मध्ये शेर म्हटल्याशिवाय श्वास घेता येत नाही. त्यांनी मला पाश्चात्त्य सनईचा बादशहा म्हटलं. तालुक्यातले एक बडे पुढारी येणार होते, ते अजून पोचले नव्हते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊ सोमाटण्यापर्यंत आलेत, भाऊ शिरगावला दर्शनाला वळलेत, अशी खबर मधूनमधून माइकवरूनच मिळत होती. ते येईपर्यंत वेळ भरून काढायचा म्हणून आमचा नंबर लवकर लागला. माझ्या आयुष्यभराच्या कामाला ही जागा मिळाली.

आम्ही वाजवायला लागलो. मला मान्य केलं पाहिजे, मुलं त्या दिवशी झकास वाजवत होती. मी अधूनमधून सोफ्याकडे बघत होतो. भाई खाली बघून ऐकत होता, गिऱ्हाईक घासाघीस करत असताना तो बसतो तसा. वाद्यं चढली, कडेला आली आणि थांबली. मी हात वर केला. एवढं मोठं सभागृह आणि आवाज नाही. मुलं जागच्या जागी खिळलेली. मला वाटलं, झालं, जमलं.

आपल्याकडे मंचावर शांतता पसरली की त्याचे दोनच अर्थ होतात. कार्यक्रम संपला, नाहीतर माइक बंद पडला. माइक चालू होता. सूत्रसंचालकांना माझा वर धरलेला हात अभिवादन वाटला आणि नेमकं त्याच वेळी मागचं दार उघडून भाऊ आत आले. सूत्रसंचालक धावतच माइकपाशी आले आणि जोरदार टाळ्या म्हणाले. टाळ्या पडल्या. भाऊंची माणसं पुढे घुसली. मी हात खाली घेतला नाही. हात वर आहे म्हणजे संपलेलं नाही, हे मी मुलांना महिनोन्महिने सांगितलं होतं, आता त्यांच्यादेखत तो खाली कसा घेऊ? भाऊ हसतमुखानं मंचावर आले आणि त्या वर धरलेल्या हातात त्यांनी नारळ ठेवला.

पुढचं सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. गळ्यात सॅक्सोफोन असतानाच त्याच्यावरून शाल पांघरली गेली. फेटेवाला माझ्या मागे उभा राहून मला फेटा बांधत होता आणि मान सरळ ठेवा म्हणत होता. ज्येष्ठ बंधू म्हणून भाईलाही वर बोलावलं, त्यालाही शाल दिली, नारळ दिला. भाऊंनी भाषण केलं. त्यांचे आजोबा शिमग्याला सुंदर ताशा वाजवायचे, आणि तालुक्यात लवकरच भव्य कलाभवन होणार आहे. कलाभवनाला कुणाचं नाव द्यायचं यावर ते बराच वेळ बोलले. शेवटी सूत्रसंचालकांनी जेवण तयार असल्याचं जाहीर केलं, आणि जे सभागृह माझ्यासाठी कधी उभं राहिलं नव्हतं ते मसालेभातासाठी एकसाथ उठलं. कुलगुरू जाता जाता माझा हात दाबून म्हणाले, अप्रतिम, विशेषतः शेवट.

मुलं वाद्यं धरून तशीच उभी होती. डबलबासवाल्या मुलीनं विचारलं, सर, पुढचं? मी म्हणालो, आवरा आणि जेवून घ्या. माझा आवाज मलाच आवडला नाही. मी फेटा काढून खुर्चीवर टाकला आणि वाद्याची पेटी उघडली. या लोकांपुढे पुढचा भाग वाजवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो, आणि इथवर आयुष्यभर ती उपयोगी पडली होती. त्या दिवशी पडेना. मला रडू फुटायच्या बेतात होतं. साठी उलटलेला माणूस, गळ्यात पट्टा, समोर रिकाम्या खुर्च्या.

रिकाम्या म्हणजे सगळ्या नव्हे. भाई पुन्हा खाली जाऊन त्याच जागी बसला होता. शाल घडी करून मांडीवर, शालीवर नारळ.

"संपलं व्हय?" त्यानं विचारलं.

घरी आम्ही जसं बोलतो तसं मी बोललो. म्हणालो, न्हाई भाई, अर्धं राहिलंय. पर आता कुणाला ऐकवायचं? तू जा, जेवून घे.

"मी बसलोय न्हवं," तो म्हणाला.

मी पेटी बंद केली. मुलं आपापल्या जागी गेली. मी हात वर केला, आणि त्या बंद होत चाललेल्या सभागृहात, बाहेरून ताटांचा आवाज येत असताना, आम्ही आमची शांतता पुन्हा पहिल्यापासून केली. मग हात खाली घेतला आणि वाजवलं. सबंध वाजवलं. मधे एक शिपाई खुर्च्या उचलायला आला, त्याला भाईनं हातानं थांबवलं. मी डोळे मिटले नाहीत. भाईकडे बघत वाजवलं, आणि तो पूर्ण वेळ खाली बघत होता. शेवटचा सूर विझला तरी तो तसाच बसून राहिला. मला वाटलं, पोचलं. एवढ्या वर्षांनी पोचलं. मी मंचावरून उतरून त्याच्याजवळ गेलो.

त्यानं शालीवरचा नारळ उचलला. मग म्हणाला, "मला न्हाई आवडलं."

मी सॅक्सोफोन गळ्यातून काढून सोफ्यावर ठेवला.

"जरा कुटं सूर लागतोय म्हणावं, तर तू त्यो सोडून दुसरीकडंच जातोस," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दुकानात छत्रीची काडी मोडकी निघाली तर ती बाजूला ठेवताना जसं सांगेल तसं तो सांगत होता. "पुन्ना वाट बघावी, तर पुन्ना सोडतोस. लय तरास हुतो."

कुलगुरूंच्या अप्रतिमला मी हसलो होतो. समीक्षकांना, परीक्षकांना, पोहण्याच्या तलावाभोवतीच्या गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर हसत आलो. याला हसता येईना. कारण त्यानं जे सांगितलं ते खरं होतं. मी तसंच वाजवतो. सूर लागला की सोडतो, आणि कुणी वाट बघत बसलं असेल असं मला कधी वाटलेलंच नव्हतं.

"मग शेवटपर्यंत बसलास कशाला?" मी विचारलं. जरा चिडूनच विचारलं.

त्यानं नारळ काखेत मारला आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"तू वाजवत हुतास की," तो म्हणाला.